फोटो पाहिला, पण कशासाठी?

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये हत्येआधी झालेल्या त्यांच्या छळाचे फोटो बीडच्या मोबाइलांवर फिरले. कुणी खटला समजून घ्यायला पाहिले, कुणी ‘मलाही पाठव की’ म्हणून.

हेतू वेगळा, तसा मनावरचा भारही वेगळा असू शकतो. संशोधक केली आणि शारोट यांच्या २०२१च्या अभ्यासात, वारंवार मनात येणाऱ्या विषयांचीच माहिती शोधणाऱ्यांचं मानसिक आरोग्य तुलनेनं बरं आढळलं. अर्थात, त्यात कारण कुठलं नि परिणाम कुठला, हे ठरत नाही.

फोटो पाहून आलेला राग खराच होता. पण रात्री दोनला तोच फोटो पुन्हा उघडून न्यायाला काय मिळालं? त्यापेक्षा सुनावणीची पुढची तारीख विचारावी. आणि झोप उडालीच असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.