तात्पर्याच्या अलीकडे

‘मुलांना एवढं जड झेपत नाही.’ मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला की पालक हे म्हणतात, शिक्षक म्हणतात, प्रकाशकही म्हणतात. मग इतिहासातल्या शंका गाळल्या जातात, गोष्टीतलं दुःख गाळलं जातं, चित्राखाली ‘जगप्रसिद्ध’ एवढाच शब्द उरतो आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य येतं.

हा समज मुळातच चुकीचा आहे. मुलांना जड जाते ती बोजड भाषा आणि संदर्भाशिवायची सनावळी. माणसाच्या मनातला गुंता त्यांना नवा नसतो. रुसवे, मत्सर, पश्चात्ताप हे सगळं ती घरात आणि वर्गात रोज पाहतात, स्वतः अनुभवतात.

अजिंठ्याचं दहावं लेणं घ्या. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी इथे पोहोचला आणि त्याने आपलं नाव व तारीख कोरून ठेवली. लेण्याच्या दर्शनी भागावर त्याहून कितीतरी जुना ब्राह्मी लेख आहे. हा भाग वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने दान दिल्याचं तो सांगतो. आत भिंतीवर छद्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलेलं आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाची एक हत्तीण मनात अढी धरून मरते, पुढच्या जन्मी राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी धाडते. शिकाऱ्याला ते कापणं जमत नाही, तेव्हा हत्तीच सोंडेत करवत धरून स्वतःचे सुळे कापून देतो. सुळे समोर येतात आणि राणी कोसळते.

‘त्याग श्रेष्ठ असतो’ असं खाली लिहिलं की ही गोष्ट तिथेच संपते. पण चित्रकार एवढ्यावर थांबला नाही, त्याने मूर्च्छित राणीही रंगवली. हवं ते मिळालं, मग ती कोसळली का? दहा वर्षांचं मूल हा प्रश्न विचारतं, आणि साहित्याची खरी ओळख तिथून सुरू होते. अंधाऱ्या लेण्यात रंगवायला उजेड कुठून आणला असेल, हे विचारलं की ते मूल चित्रकलेत शिरतं. कटहादी कोण, त्याच्याकडे एवढा पैसा कुठून आला, इथून इतिहास सुरू होतो. एका भिंतीपाशी तिन्ही विषय भेटतात. आपण मात्र ते तीन तासिकांत वाटून टाकले.

मुलांसमोर सगळं ठाम आणि निर्विवाद मांडावं, नाहीतर त्यांचा गोंधळ उडतो, हा दुसरा आक्षेप. त्याला कलेतिहासकार एर्न्स्ट गॉम्ब्रिखचं उत्तर आहे. 1935 साली व्हिएन्नात, सव्विसाव्या वर्षी, हातात नोकरी नसताना त्याने काही आठवड्यांत मुलांसाठी जगाचा इतिहास लिहिला. नाझींनी त्या पुस्तकावर बंदी घातली, कारण त्यांच्या मते ते फार शांततावादी होतं. पुढे अनेक वर्षांनी नव्या आवृत्तीसाठी त्याने एक प्रकरण जोडलं आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटाबद्दल, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या आश्वासनांबद्दल आपण पूर्वी जे लिहिलं होतं ते बरोबर नव्हतं, असं बालवाचकांना सरळ सांगितलं. इतिहास म्हणजे पुरावा पाहून पुन्हा पुन्हा तपासायची गोष्ट, हे मुलांना समजावण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

‘आता मुलं वाचत नाहीत, व्हिडिओ दाखवा,’ या म्हणण्यावर फार वेळ घालवायला नको. व्हिडिओ जरूर दाखवावा. पण चित्रासमोर किती वेळ थांबायचं हे तिथे दुसराच कुणी ठरवतो. पुस्तकात पान मुलाच्या हातात असतं.

भाषा सोपी करण्याला माझा विरोध नाही. ते कष्टाचं काम आहे आणि मराठीत ते झालेलंही आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’च्या बाल आणि कुमार गटांच्या पुस्तकांत मोठ्यांच्या साहित्यातले निवडक वेचे आणि भारतीय चित्रकला शेजारी शेजारी भेटतात. ‘हे मुलांसाठी नाही’ अशी पाटी लावून कोणती दारं बंद ठेवली गेली होती, ते ती पुस्तकं चाळताना कळतं. अशी पुस्तकं शाळेच्या कपाटात कुलपामागे असतील, तर ‘मुलं वाचत नाहीत’ ही तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शाळेची सहल अजिंठ्याला निघण्यापूर्वी एक तासिका छद्दंताला द्यावी. गोष्ट पूर्ण वाचावी, तात्पर्य न जोडता. दहाव्या लेण्यातलं चित्र पुस्तकात दाखवताना कुठला भाग झिजला, कुठला पुसट झाला, तेही सांगावं. राणीबद्दल मुलं जे बोलतील ते फळ्यावर लिहून घ्यावं आणि बरोबर उत्तर म्हणून कशालाही खूण करू नये.