गणवेशात माया हवी

आम्ही काही पालक आहोत, काही शिक्षक आणि शिवणकाम करणाऱ्या तिघीजणी. चळवळीला अजून नाव नाही. बारशाआधी बाळाला अंगडं लागतं, म्हणून जाहीरनामा आधी.

आमचं म्हणणं थोडकं आहे. शाळेला गणवेश हवा असेल तर तो मुलाच्या अंगावर येईल हे पाहणं शाळेचं आणि सरकारचं काम. तो नाही म्हणून एकही मूल परिपाठाच्या रांगेतून बाजूला काढलं जाणार नाही, वर्गाबाहेर उभं राहणार नाही, घरी परत पाठवलं जाणार नाही.

शालेय गणवेशाचा सर्वांत जुना दाखला म्हणून लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेचं नाव घेतात. १५५२ साली ती गोरगरीब मुलांसाठी निघाली आणि तिने त्यांना निळे लांब डगले दिले. दिले, हे महत्त्वाचं. जे अंगावर घालायला मिळत होतं, तेच पुढे दारात अडवायला वापरलं जाऊ लागलं.

खरं सांगायचं तर पहिल्या बैठकीत आमच्यातले निम्मे गणवेशच नको म्हणत होते. सगळी पोरं एकसारखी दिसली म्हणून गरिबी झाकत नाही. विटलेली कॉलर, दप्तराची चेन आणि पायातली चप्पल सगळं सांगून टाकतात. मग एक आई बोलली. तिच्या मुलीकडे बाहेर घालण्याजोगे कपडे दोनच. गणवेश नसेल त्या दिवशी काय घालू, या विचाराने पोरगी आदल्या रात्रीच पोट दुखतं म्हणते. त्या वाक्यावर बैठक फिरली. गणवेश राहू दे, शिक्षा जाऊ दे, इथे आम्ही आलो.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना गणवेशाचे दोन जोड मोफत मिळतात, जोडाला ३०० रुपये. बाजारात जाऊन या आणि या रकमेत टिकाऊ कापड व शिलाई बसवून दाखवा. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ ठरलं. पुढच्या वर्षी कापड वरून आलं, ठरावीक मापांत कापलेलं, आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली, जोडाला ११० रुपये. स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. आले त्यांत कुणाची बाही तोकडी, कुणाची पँट ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. यात शिवणाऱ्या बायांचा दोष आम्ही मानत नाही. ज्या मुलाला कधी पाहिलंच नाही, त्याचं माप कोण कसं घेणार?

आपल्याकडे आई कपडा वाढत्या अंगाचा घेते आणि शिवणारा आत माया सोडतो, पुढल्या वर्षी उसवून मोठा करता यावा म्हणून. प्रत्येक गणवेशात अशी माया हवी. माप गावात घेतलं जावं, शिलाई गावात किंवा शेजारच्या गावात व्हावी, आणि शिलाईचा दर शिवणारीला विचारून ठरावा. कापड सुती किंवा निदान घाम शोषणारं असावं; विदर्भातल्या उन्हात पॉलिस्टर घालून साहेबांनी एक तास कवायत करावी, मग बोलू.

मुलींना पँट घालायची असेल तर घालू द्या. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयन्चिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलगे-मुली सर्वांना गुडघ्याखाली येणारी सारखी पँट दिली. मुलींना धावता-उड्या मारता आलं पाहिजे, यापलीकडे त्यात अवघड काही नाही.

खासगी शाळांबद्दल थोडक्यात. एकाच दुकानातून गणवेश घेण्याची सक्ती करू नका, असं त्यांना वेळोवेळी बजावलं गेलं आहे. तरीही दुकानाच्या नावाची चिठ्ठी पालकांच्या हातात येतेच. अशा चिठ्ठ्या आम्ही जमवणार आहोत आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत.

आमच्या हातात एक चावी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे आपण सह्या करून चहा पिऊन उठतो, ही आमची स्वतःची चूक. यापुढे ठराव आम्ही लिहून नेऊ: गणवेशावरून शिक्षा नाही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या सकाळी आम्ही फाटकाजवळच्या लिंबाखाली दोन मशीन लावून बसणार आहोत. ज्याचा शर्ट उसवला असेल, ज्याला मोठ्या भावाची पँट ढगळ होत असेल, त्याने यावं. पैसे नाहीत. बटणं भरपूर जमली आहेत, टेप मात्र एकच आहे. येताना घरचा घेऊन या.