हृदयाची गोळी परस्पर थांबवू नका, तिचा त्रासही लपवू नका
तंजावरच्या मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



आपल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारची 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजना सुरू झाली आणि रक्तदाबाच्या गोळ्या अनेकांना घरपोच मिळू लागल्या. ही मोठी सोय आहे. मात्र गोळी सुरू झाल्यावर अंगात काय फरक पडला, यावर लक्ष घरच्यांनीच ठेवायचे असते.

एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल या नेहमीच्या गोळ्यांचे पाहा. रक्तदाब आणि दुबळे हृदय या दोन्हींवर त्या गुणकारी आहेत. पण त्यांच्यामुळे ब्रॅडिकिनिन नावाचे द्रव्य शरीरात साठते आणि काहींना कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनीही तो सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. घरी काढा होतो, खोकल्याच्या बाटल्या संपतात, पण गोळीचा संशय कुणाला येत नाही. डॉक्टरांना सांगितले, तर ते लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देऊ शकतात. खोकला बहुधा काही आठवड्यांत ओसरतो.

मात्र प्रत्येक खोकला गोळीचाच, असेही समजू नका. आडवे झाल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज वाढत असेल, तर दोष हृदयाचाही असू शकतो. निदान डॉक्टरांनाच करू द्या. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, श्वास कोंडला, तर वाट पाहू नका. पुढची गोळी देऊ नका आणि रुग्णवाहिकेसाठी लगेच १०८ ला फोन करा.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या शरीरातले पोटॅशियमही वाढवतात. आपल्या भागात शहाळे हाताशी असते आणि आजाऱ्याला ते प्रेमाने पाजले जाते. मूत्रपिंड अशक्त असेल, तर शहाळ्यातल्या पोटॅशियमची भर पडून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाला रोज शहाळे द्यावे की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणण्याआधीही विचारा, कारण तिचाही मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

दुष्परिणामांना घाबरून गोळ्या बंद करणे मात्र त्याहून घातक. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकाएकी सोडल्यास छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्याने अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

म्हणून प्रत्येक घराला कळकळीची विनंती:

१. वडीलधाऱ्यांच्या सर्व गोळ्यांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका वहीत लिहा. सिद्ध, आयुर्वेदाची औषधेही त्यात लिहा.

२. नवा त्रास कधी सुरू झाला, ते तारखेसह त्याच वहीत नोंदवा.

३. दवाखान्यात जाताना वही आणि गोळ्यांची पाकिटे न्या. आजी-आजोबा संकोचत असतील, तर घरातल्या तरुणांनी सोबत जावे.

४. रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी चुकवू नका.

५. दुष्परिणामाची नोंद सरकारकडे करा. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. कामकाजाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही बोलू शकतो. रुग्णांसाठीचा अर्ज मराठी आणि तमिळ दोन्ही भाषांत आहे.

ही नोंद ठेवणे आपल्या गावाला नवे नाही. तंजावरच्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग झाले. राजांच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रोग्याला काय झाले, हे लिहिल्याशिवाय पुढच्या रोग्याचे भले होत नाही, ही जाण इथे दोनशे वर्षांपूर्वी होती. आज तुमच्या घरातल्या एका खोकल्याची नोंद दुसऱ्या कुणाच्या आजीला चुकीच्या उपचारांपासून वाचवू शकते.

या आठवड्यातच वही सुरू करा. शेजारी एकटे राहणारे कुणी वृद्ध असतील, तर त्यांचीही वही तुम्हीच लिहून द्या.

आपला,
एक तंजावरकर