वादळात पत्रे उडाले, दारात कंत्राटदार आला. त्याला ॲडव्हान्स द्यायचा का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगडमधल्या हजारो घरांची छपरं उडाली. त्यानंतर पत्र्यांचा तुटवडा झाला, चढ्या दराने विक्री होत असल्याच्या तक्रारीही आल्या. दोनच महिन्यांनी, ५ ऑगस्टच्या वाऱ्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या छपराचं नुकसान झालं. स्टेडियमची ही गत, तर कोपरखैरणे-घणसोलीतल्या बैठ्या घरांवरच्या आणि सोसायट्यांच्या गच्चीवरच्या शेडचं काय?

वारा थांबला की "आजच बसवून देतो, माल उचलायला ऐंशी टक्के द्या" म्हणणारा कुणीतरी हजर होतो. तो नेहमीच ठग असतो असं नाही. पण घरात पाणी गळत असताना कुणी दर विचारत बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे आधी ही घाईच काढून टाकायची. ताडपत्री टाकून घेणं हे आजचं काम. पक्कं छप्पर आठवड्याने झालं तरी चालतं, आणि तेवढ्या वेळात तीन जणांकडून लेखी कोटेशन मिळतं.

ताडपत्री टाकण्याआधी फोटो आणि व्हिडिओ मात्र काढून ठेवा. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते. निसर्गनंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखांवर नेली होती. घराचा विमा असेल तर दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, कारण सर्व्हेयरला नुकसान बघायचं असतं. "क्लेम मीच पास करून देतो, इथे सही करा" म्हणणाऱ्या कंत्राटदाराला तिथूनच निरोप द्यावा.

जाडीचा खेळ

सगळ्यात जास्त फसवणूक बहुधा इथेच होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कोटेशनमध्ये ०.५० मिमीचा पत्रा असतो, टेम्पोतून ०.३५ चा उतरतो. रंग तोच, चमक तीच. फरक वजनात कळतो. ०.५० मिमी स्टीलचा एक चौरस मीटर सपाट पत्रा साधारण ३.९ किलो भरतो, ०.३५ चा जेमतेम पावणेतीन किलो. म्हणजे दहा फुटी पत्र्यामागे चारेक किलोंचा फरक! भंगारवाल्याचा काटासुद्धा हे सांगेल. शक्य असेल तर माल स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि कंत्राटदाराला फक्त मजुरी द्या. मग मोठ्या ॲडव्हान्सचं कारणच उरत नाही. स्क्रू किती अंतरावर, वॉशर कुठला, जुना गंजलेला अँगल बदलणार की त्यावरच पत्रा ठोकणार, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. पत्रा पातळ असो वा जाड, खालचा सांगाडाच कुजका असेल तर पुढच्या वादळात दोन्ही जातात.

स्लॅबच्या गच्चीवर पत्र्याऐवजी "केमिकल मारून दहा वर्षांची गॅरंटी" विकली जाते. ही गॅरंटी केमिकल बनवणाऱ्या कंपनीची की फोनवर नंतर न सापडणाऱ्या माणसाची? काम झाल्यावर गच्चीवर २४ ते ४८ तास पाणी साठवून बघायचं, शेवटचा हप्ता त्यानंतर. आणि सोसायटीची सामाईक गच्ची गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने एकट्याने पैसे भरू नयेत.

पैसे गेलेच तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पैसे घेऊन माणूस गायबच झाला, तर पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार.

दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: पैसे दिल्याचा पुरावा? रोख दिलेल्यांची इथेच अडचण होते. यूपीआय वापरलं तरी पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. कोटेशनवर एक नाव आणि खात्यावर "भाच्याचं आहे, चालेल" असं दुसरंच असेल, तर बटण दाबू नका.