अर्धं गुंडाळलेलं शीड

वारा १५ नॉटवरून ३० वर गेला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. तेव्हा होडीच्या नाळेवरचं मोठं शीड, म्हणजे जेनोआ, फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळायच्या फिरत्या दांड्यावर, अर्धं गुंडाळायचं हा सोपा उपाय. सोपा खरा, पण पुरता नव्हे. गुंडाळलेल्या कापडाने शिडाची पुढची कड जाड होते, उरलेलं शीड पोटात फुगतं आणि होडी वाऱ्याच्या तोंडाकडे जायला कुरकुरते. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवली की फुगवटा थोडा कमी होतो. शीड ओढणाऱ्या दोराची कप्पीही पुढे सरकवावी लागते, आणि तेच नेमकं राहून जातं! मला धास्ती असते ती फर्लरच्या बारीक दोराची. सगळा भार त्याच्यावर; तो तुटला तर भर वादळात अख्खं शीड एका झटक्यात उलगडतं. म्हणून लांबच्या सफरीला छोटं, जाड कापडाचं शीड वेगळं असावं. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा जेनोआच्या जोडीला स्टेसेल हे छोटं शीड आणि वादळी शीडही होतं.