पहिल्या धक्क्याला

संकट आले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "सब्र करो." ऐकणारा मग हातावर हात ठेवून बसतो. सब्र म्हणजे गप्प बसणे, अशी समजूत आपल्या कितीतरी घरांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कबरीजवळ रडणाऱ्या एका स्त्रीला सब्र करण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही आणि ती फटकून बोलली. नंतर ती माफी मागायला आली, तेव्हा त्यांनी तिला समजावले की खरा सब्र पहिल्या धक्क्याच्या वेळचा. चार दिवसांनी तर सगळेच शांत होतात. पण त्या पहिल्या रात्री करायचे काय?

मार्च 2020. दहावीचा भूगोलाचा पेपर 23 तारखेला होता, तो पुढे ढकलला गेला. 24 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. आम्हाला वाटले, पेपरचे विचारतोय. तो म्हणाला, "सर, अब्बा रात्रभर झोपले नाहीत. द्राक्षे वेलीवर आहेत आणि व्यापारी फोन उचलत नाही."

तासगावच्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा आमच्याकडे काढणीचा हंगाम. वर्षभराची छाटणी, औषधे, उधारी, सगळे त्या घडांवर. पिकलेले द्राक्ष कोणासाठी थांबत नाही.

त्या रात्री घरात आरडाओरड झाली, व्यापाऱ्याला शिव्या झाल्या, मोबाईलवर येईल ती अफवा वाचून झाली. पहाटे मुलाच्या दादीने मोबाईल काढून घेतला. म्हणाली, "पहले वजू कर, दो रकात पढ, बाद में बोल." नमाजनंतर मुलाने वहीचे पान फाडले आणि मधे रेघ मारली. एका बाजूला आपल्या हातात नसलेले: टाळेबंदी, व्यापारी, दिल्लीचा बाजार. दुसऱ्या बाजूला हातातले: किती माल उभा आहे, घरात माणसे किती, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट किती शिल्लक, कोणाचे रॅक रिकामे आहे. (आम्ही शिक्षक मंडळी कागदावर जरा जास्तच भरवसा ठेवतो, हे खरे. पण मनातली भीती कागदावर उतरली की तिचा आकार कळतो.)

उत्तर त्या दुसऱ्या बाजूलाच होते: बेदाणा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर पसरले की पंधरवड्यात वाळतात, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने टिकतात. शेजारच्या पाटील काकांनी आपल्या शेडमधले दोन मजले मोकळे करून दिले. मजूर नव्हते, म्हणून घरातली सहा माणसे बागेत उतरली. भूगोलाचा अभ्यास करणारा मुलगा क्रेट वाहू लागला. तो पेपर पुढे रद्दच झाला!

सगळे वाचले असे मुळीच नाही. मागचा तुकडा वेलीवरच सडला, काही माल वाटून टाकला. हिशेब तोट्याचाच झाला. पण निम्म्याहून जास्त पीक हाती लागले आणि सौदे सुरू झाल्यावर बेदाणा विकता आला. जे वाचले, ते त्या पहाटेमुळे. आणखी तीन दिवस व्यापाऱ्याची वाट पाहिली असती तर?

रागाच्या वेळी उभा असलेल्याने बसावे, बसलेल्याने आडवे व्हावे, असे हदीसमध्ये आले आहे. आमच्या वर्गात दोन मुले भांडली की आम्ही आधी दोघांना खाली बसवतो, मग विचारतो. बसलेल्या माणसाला ओरडणे जड जाते. दादीचा वजूही तसाच, तोंडावर गार पाणी आणि पाच मिनिटांची उसंत.

25 मेला ईद झाली, घरातच. आठवड्याने तो मुलगा मास्क लावून दारात आला आणि पाव किलो बेदाणे देऊन गेला. बरेचसे हिरवट-पिवळे होते, थोडे काळपट. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाला, "सर, काळे आहेत ना, ते पहिल्या दिवशी घाईत टाकलेले. अब्बांनी द्रावण नीट मोजलंच नव्हतं."