उतारा बापाचा, नांगर मुलाचा

धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ रोजी एकत्रीकरणात विलीन झाली आणि नव्या बँकेचे मुख्यालय बळ्ळारीला गेले. मुख्यालय कोठे असावे हा शहरवासीयांच्या अभिमानाचा प्रश्न असेल. नवलगुंद-कुंदगोळच्या काळ्या रानात मूग आणि कापूस पिकवणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला त्याने फारसा फरक पडत नाही. त्याचा प्रश्न बँकेच्या दारातच सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. उतारा कोणाच्या नावाचा, असे त्याला विचारले जाते. उतारा वडिलांच्या नावाचा असतो; कित्येकदा आजोबांच्या.

त्या मुलखाचा इतिहास आठवला म्हणजे याचा विषाद अधिकच वाटतो. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, त्या वेळच्या धारवाड व आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. देशातील सहकारी चळवळीचा आरंभ या संस्थेपासून मानला जातो. जर्मनीतील राइफायझन यांच्या धर्तीवर त्या कायद्याने ग्रामीण संस्थांच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी ठेवली होती. एकाने बुडवले तर सर्वांनी भरायचे. तेव्हा कर्ज मागणारा शेतात राबतो की चावडीवर गप्पा छाटतो, हे पाहणे सभासदांना भागच होते. पत माणसाची होती. पुढे ती कागदाची झाली.

योजनांचा दुष्काळ नाही, हे मान्य केले पाहिजे. कर्नाटक सरकारने सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या बिनव्याजी कर्जाची मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पात तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ठरविले. परंतु तारण नको म्हणजे उतारा नको, असे नव्हे. पीककर्जाची रक्कम ठरते ती किती एकर आणि कोणते पीक यावरून, आणि एकर तर वडिलांच्या नावे! त्यांचे जुने कर्ज थकले असेल तर बोलणेच खुंटले. वारस नोंदीने हा प्रश्न मृताच्या मुलापुरता सुटेल. पण वडील हयात आहेत, हा काही मुलाचा अपराध नव्हे.

वास्तविक पाहता किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत कुळे, तोंडी कराराने जमीन कसणारे आणि वाटेकरी यांना स्थान आहे. म्हणजे परक्याची जमीन वाट्याने करणारा नियमाप्रमाणे कर्जास पात्र आणि घरची जमीन कसणारा मुलगा मात्र अधांतरी. मग तो अडत्याकडे जातो. अडत्या उचल देतो, पण माल त्याच्याच दुकानी घालावा लागतो. भाव पाहून विकण्याची मुभा पेरणीपूर्वीच गेलेली असते. नाहीतर घरातील बाई एखाद्या छोट्या वित्तसंस्थेकडून हप्त्याने रक्कम उचलते. अशा कर्जांच्या वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. वटहुकुमाने वसुलीदाराला दारातून हाकलता येईल. जूनमध्ये बियाण्याला पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर त्यात नाही.

आमच्या मते वडिलांचे संमतिपत्र आणि मुलगा प्रत्यक्ष जमीन कसतो असा गावच्या सोसायटीचा दाखला, एवढ्यावर मुलाच्या नावे स्वतंत्र कर्जखाते उघडावे. एकाच जमिनीवर दोनदा कर्ज जाईल ही बँकांची भीती रास्त आहे. तेव्हा वडिलांची मर्यादा तितकी कमी करावी. घरात थकबाकी असेल तेथे पाच-सहा तरुणांच्या गटाने एकमेकांची हमी घ्यावी. कणगिनहाळचा पाया याहून वेगळा नव्हता.

घाटाखालच्या आम्हांला याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हादईच्या पाण्यावरून त्या मुलखाशी आपला वाद आहे, तो त्याच्या जागी. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव आणि शेतात नातू, हे चित्र आपल्या तालुक्यांतही अनोळखी नाही. गोव्यातील सेवा सोसायट्यांनी येत्या खरिपापूर्वी आपली सभासदयादी काढून तीत पस्तिशीच्या आतले किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे.